सापाचे पाय आणि हातचा प्याला

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘सापाचे चित्र काढून त्याला पाय जोडणे’ ही चिनी म्हण कन्फ्यूशियसच्या नावावर, ‘अति तेथे माती’ या अर्थाने छापली आहे. दोन्ही चुकले आहे.

कन्फ्यूशियस इ.स.पू. ४७९ मध्ये वारला. या म्हणीमागची गोष्ट येते ‘झान-ग्वो-त्स’ या प्राचीन चिनी ग्रंथात, इ.स.पू. ३२३ च्या सुमाराच्या प्रसंगात. छू राज्याच्या झाओ यांग या सेनापतीने वेई राज्याची आठ नगरे जिंकली आणि मोर्चा छी राज्याकडे वळवला. छीतर्फे आलेल्या चेन झेनने त्याला ही गोष्ट ऐकवली. छूमधल्या एका घरी पूजा झाल्यावर पदरच्या माणसांना मद्याचा एक प्याला मिळाला. सगळ्यांना पुरेना, एकट्याला पुरून उरेल. ठरले असे, की जमिनीवर साप काढायचा. ज्याचा आधी होईल त्याचा प्याला. एकाचा झाला. डाव्या हातात प्याला धरून तो उजव्या हाताने सापाला पाय काढू लागला. तेवढ्यात दुसऱ्याचा साप पुरा झाला. ‘सापाला पाय नसतातच, तू कुठून काढणार?’ म्हणत त्याने प्याला हिसकावला आणि पिऊन टाकला.

गंमत म्हणजे ‘पुरेना’ यातले पुरणे आणि ‘पाय’ या दोहोंना मूळ मजकुरात एकच अक्षर आहे, ‘त्सू’. भाषांतरात ते निसटते.

चेन झेनचा हिशेब रोकडा होता. तुझ्या वर आता एकच पद, लिंगयीन म्हणजे प्रधानाचे, आणि राजा दोन प्रधान नेमणार नाही. जिंकलास तर हाती नवे काही नाही, हरलास तर जीव जाईल आणि मिळालेलेही. झाओ यांग सैन्य घेऊन परतला.

‘अति तेथे माती’त चांगलीच गोष्ट प्रमाणाबाहेर जाते. इथे प्रमाणाचा प्रश्नच नाही. एक पाय काढला तरी तो साप राहत नाही, आणि जिंकलेला प्याला जातो तो वेगळाच. आपल्याकडे याला ‘अतिशहाण्याचा बैल रिकामा’ जास्त जवळची.

‘ह्वा श त्यान त्सू’ हे म्हणीचे आजचे चार अक्षरी रूप मात्र त्या उताऱ्यात नाही; तिथे नुसते ‘सापाला पाय करणे’ आहे. जपानीत याचेच ‘दासोकु’, म्हणजे सर्पपाद, झाले. जादा मुद्दा जोडताना जपानी वक्ता आधीच ‘हे दासोकु आहे, पण...’ म्हणून घेतो.

– चिनी भाषेचा एक अभ्यासक, पुणे