सिमेंटवर मुलींना डोक्यावर उचलू नका

महोदय,

शाळांच्या गॅदरिंगमध्ये आणि सुट्टीच्या शिबिरांच्या समारोपाला आठ-नऊ वर्षांच्या मुलीला चाकांचे स्केट्स घातलेला मुलगा डोक्यावर उचलतो, असे प्रकार कोल्हापुरात दिसू लागले आहेत. ज्युनिअर पेअर फिगर स्केटिंगचे, म्हणजे मुलगा-मुलीच्या जोडीने बर्फावर करायच्या स्केटिंगचे, व्हिडिओ दाखवून ‘हेच बसवा’ असा आग्रह होतो. त्या व्हिडिओतली जोडी तिथवर कशी पोहोचते, हे पालकांना कळायला हवे.

बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत १ जुलैपूर्वी १३ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय उतरताच येत नाही. जोडी जमण्याआधी दोघांची उडी, स्पिन (जागेवरची गिरकी) आणि स्केटच्या पात्याच्या कडेवरचा ताबा एकट्याने पक्का झालेला असतो. मुलांचे खांदे उशिरा भरतात; ज्युनिअर जोडीत मुलाची वयोमर्यादा मुलीपेक्षा जास्त असते, ती उगाच नाही. शिवाय मुलीची उंची झपाट्याने वाढली की तोल बदलतो, जमलेली लिफ्ट, म्हणजे मुलीला डोक्यावर उचलणे, पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते. चांगल्या जोड्या फुटतात त्या बऱ्याचदा इथेच.

लिफ्टमध्ये सगळे वजन मुलगा उचलतो, हा गैरसमज आहे. मुलगी गुडघे वाकवून उडी घेते, त्याच क्षणी त्याच्या तळव्यांवर हात दाबून कोपरे ताठ ठेवते. मुलगा पायांच्या जोरावर उठतो. तिची कोपरे वाकली की वजन मागे जाते आणि सगळा भार त्याच्या कमरेवर येतो. सर्वात धोक्याचे असते ते उतरणे. तेव्हा मुलगा दमलेला असतो, आणि मुलीला एका पायावर, मागे सरकत टेकायचे असते. बर्फावर पडलेले शरीर घसरत जाते, त्यात माराचा जोर थोडा विरतो. सिमेंटवर तो जागच्या जागी बसतो. त्यात काँक्रीटच्या सांध्यात चाक अडकले, तर दोघेही पडतात.

रोलर स्केट्सवरही पेअर हा रीतसर स्पर्धाप्रकार आहे, आणि आपल्याकडच्या मुलांना तोच जवळचा. पण क्रम पाळावा: आधी अनवाणी, कुस्तीच्या गादीवर, बाजूला तिसरा माणूस धरायला उभा. मग बूट घालून. मग स्केट्सवर उभ्या जागी, कमरेपर्यंतच. उतरणे दरवेळी बिनचूक होऊ लागल्यावरच चालत्या वेगात, तेही गुळगुळीत फरशीवर आणि हेल्मेट घालून. थ्रो, म्हणजे मुलाने मुलीला उडीसाठी हवेत फेकणे, तर ती एकटीची डबल (हवेत दोन गिरक्यांची) उडी सहज टेकवू लागेपर्यंत नकोच.

तोवर समारोपाला दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. हात धरून क्रॉसओव्हर (पायावरून पाय ओलांडत वळणे), एकाच लयीत शेजारी-शेजारी स्पिन, एकाच वेळी घेतलेली साधी, अर्ध्या गिरकीची वॉल्ट्झ उडी. स्पर्धेत पंचही जोडीचा एकमेळ बघतात, आणि तो याच सरावातून येतो. शाळांनी आणि शिबिर घेणाऱ्यांनी येत्या कार्यक्रमांतून डोक्यावरच्या लिफ्ट काढून टाकाव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

— काही स्केटिंग प्रशिक्षक, कोल्हापूर