अडगळीतली सायकल द्या, ८०० रुपये द्या, नाहीतर रविवारचे दोन तास द्या

कोल्हापूरकरहो, नमस्कार.

आम्ही शिवाजी पेठेतलं एक तरुण मंडळ. श्रावण संपत आला की पावतीपुस्तक घेऊन तुमच्या दारात उभे राहतात ना, तेच आम्ही. या खेपेला गणपतीची वर्गणी मागायची नाही, सायकली मागायच्या आहेत.

काम असं आहे. लोकांच्या जिन्याखाली, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, गच्चीवर गंजत पडलेल्या सायकली आणायच्या, खोलून नीट दुरुस्त करायच्या आणि ज्यांना रोज कामावर किंवा शाळेला चालत जावं लागतं त्यांना हजार रुपयांत, हप्त्यानं विकायच्या. हो, विकायच्या. फुकट वाटायच्या नाहीत. यावर पेठेतल्या बऱ्याच थोरामोठ्यांनी आमची कानउघाडणी केली आहे. त्यांना उत्तर देतोच, पण आधी या सायकली लागतात कोणाला ते बघा.

राजेंद्रनगरातून ताराबाई पार्कात, पाचगाव-मोरेवाडीकडून राजारामपुरीत धुणीभांडी आणि स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका तुम्ही रोज बघता. चार घरं धरलेली बाई सकाळी घरातून निघते ती दुपारपर्यंत चालतच असते. एका घरातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी रिक्षा मोठ्या रस्त्याला मिळते, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला मिळत नाही. हॉटेलातली शेवटची भांडी घासून पोरं बाहेर पडतात तेव्हा केएमटीची शहर बस बंद झालेली असते. पहाटे पेपरचे गठ्ठे उचलणारे, उद्यमनगरात रात्रपाळी करून सकाळी घरी परतणारे हेल्पर, लक्ष्मीपुरीतले हमाल, रखवालदार, हे सगळे अशा वेळी रस्त्यावर असतात जेव्हा बाकीचं शहर झोपलेलं असतं. मोपेड परवडत नाही, आणि पेट्रोलनं शंभरी केव्हाच ओलांडली.

वडापला येता-जाता दिवसाचे चाळीस रुपये धरा आणि कामाचे महिन्याला २६ दिवस. १,०४० रुपये झाले. म्हणजे एका महिन्याच्या भाड्यात आमची सायकल येते आणि पुढचे महिने ते पैसे घरात राहतात. जी बाई भाडं वाचवायला चालत जाते तिचे पैसे वाचत नाहीत, पण दिवसाचे दीड-दोन तास वाचतात. त्या वेळात ती एक घर जास्त धरू शकते. नाहीतर आडवी होते, आणि त्यातही आमची काही तक्रार नाही.

मग नवी सायकल का घेत नाहीत? सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला हे खरं, तरी साधी, टिकाऊ नवी सायकल पाच-सहा हजारांच्या घरात जाते. एवढे पैसे एकदम कुणाच्या हातात असतात? सरकारच्या सायकल योजना आहेत, पण त्या बहुतेक शाळेतल्या मुलींसाठी, आणि त्या असायलाच हव्यात. बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. त्यामुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. फरक जास्त पडला तो शाळा तीन किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या गावांत. पण त्याच मुलीची आई, चाळिशीची, चार घरची कामं करणारी, ती कुठल्या योजनेत बसते? आम्ही शोधून दमलो.

आता फुकट का नाही, ते.

फुकट द्यायचं म्हटलं की कोणाला द्यायचं हे आम्ही ठरवणार. मग रेशनकार्ड बघा, नगरसेवकाची चिठ्ठी आणा, यादी करा, यादीवरून भांडणं करा. मग स्टेज, हार, फेटे, सायकलीबरोबर फोटो. मिळेल ती सायकल गपगुमान घ्यायची, कारण दान मिळालेल्या गाईचे दात मोजत नाहीत. आमच्याकडे येणारा माणूस दात मोजतो. सीट उंच आहे म्हणतो, दोन चकरा मारून ब्रेक लागत नाही म्हणतो, नव्वद रुपये कमी करा म्हणून घासाघीस करतो. आठ दिवसांनी चेन उतरली की परत येऊन आमच्याशी हुज्जत घालतो. गिऱ्हाईकाला तोंड असतं, लाभार्थ्याला नसतं. हुज्जत झाली म्हणूनच आम्हाला कळलं की सगळ्या लेडीज सायकलींना कॅरिअर मजबूत लागतं, कारण मागे पोर बसतं किंवा पिठाचा डबा.

कोल्हापुरात आवाहन लिहायचं आणि शाहू महाराजांचं नाव घ्यायचं नाही हे जमत नाही. आम्हीही घेतो, पण कामापुरतं. पाणी शिवलं म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठबळावर चहाचं हॉटेल काढलं. तिथे कोणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवायचे, प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. थैली देऊन मोकळं होता आलं असतं त्यांना. ते गिऱ्हाईक होऊन गेले. ज्याला मदत करायची त्याच्याशी व्यवहार ठेवावा, हे आम्ही तिथून घेतलं.

व्यवहार असा: सायकल नेताना २०० रुपये, नंतर आठवड्याला १०० प्रमाणे आठ हप्ते. शाळकरी मुलांना एकूण ६००. पहिल्या सहा महिन्यांत काही बिघडलं तर मजुरी घेत नाही, सुट्या भागाचे पैसे घेतो. हप्ता चुकला म्हणून सायकल काढून आणत नाही. काही हप्ते बुडतात. कोणी कोणी आठवड्यात सायकल भंगारात घालून मोकळं झालं, असंही घडलं. तेवढ्यासाठी बाकीच्या सगळ्यांची उलटतपासणी घ्यायची नाही असं मंडळाच्या बैठकीत ठरलं आहे.

आणि आता आमची अडचण. एका सायकलीला सरासरी १,८०० रुपये लागतात. त्यातला मोठा वाटा टायर-ट्यूबच्या नव्या जोडीचा. त्यानंतर चेन, फ्रीव्हील, ब्रेकची रबरं, केबल आणि मिस्त्रींची मजुरी. मिस्त्री फुकट राबत नाहीत आणि राबूही नयेत. पन्नास वर्षं सायकल दुकानात घालवलेला माणूस ज्ञान विकतो, सेवा करत नाही. गिऱ्हाईकाकडून हजार येतात. उरलेले ८०० आम्हाला कमी पडतात. तेच तुमच्याकडे मागतो आहोत. ८०० रुपयांत एक सायकल रस्त्याला लागते, आणि गिऱ्हाईकाचे हजार आले की ते पुढच्या सायकलीच्या टायरला जातात. पावती मिळेल. आमच्याकडे ८०जी नाही, त्यामुळे प्राप्तिकरात सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. किती आले, किती गेले ते महिन्याच्या महिन्याला मंडळाच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिलेलं असतं. कोणीही येऊन वाचावं, शंका असेल तर तिथेच विचारावी.

सायकल देणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण चांगल्या मनानं लोक काहीही पाठवतात.

आम्हाला सगळ्यात लाडकी म्हणजे जुनी काळी, जाड लोखंडी फ्रेमची, बिनगिअरची सायकल. ती जड असते, टेंबलाईच्या चढाला घाम काढते, पण कुठल्याही कोपऱ्यावरचा पंक्चरवाला एका पान्ह्यावर ती उघडतो आणि सुटे भाग कुठेही मिळतात. लेडीज फ्रेम असेल तर दुधात साखर. साडीतल्या बाईला दांड्यावरून पाय टाकता येत नाही. लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेल्या गिअरच्या सायकलीही चालतील. गिअर चांगले असतील तर ठेवतो, नाहीतर डिरेलरचे, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचे स्क्रू आवळून मधल्या एकाच गिअरवर पक्की करून देतो. पुढे-मागे शॉकअप असलेल्या स्वस्तातल्या सायकली मात्र दिसायलाच झकास. पायाची काही ताकद स्प्रिंग दाबण्यातच जाते. घेऊ, पण सुट्या भागांसाठी. बारा आणि सोळा इंची छोट्या सायकली आणू नका, खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही.

पुरात बुडालेली सायकल भंगारवाल्याला देऊ नका. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैमध्ये सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली इथल्या किती सायकली पाण्याखाली गेल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पुराचं पाणी हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात शिरलं की ग्रीस धुऊन जातं, मागे गाळ राहतो आणि पाणी ओसरल्यावर छर्रे गंजून एकमेकांना धरतात. चाक फिरेना की मालकाला वाटतं सायकल मेली. प्रत्यक्षात हब आणि बीबी (पायडलांच्या मधला, आस फिरतो तो भाग) उघडायचं, छर्रे डिझेलमध्ये धुवायचे, खड्डे पडलेले कोन आणि कप बदलायचे, नवं ग्रीस भरायचं, तारा कसून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा काढायचा, की ती उभी राहते. फक्त बीबीजवळ फ्रेमला आतून गंजून भोक पडलेलं नसावं. तिथे नखानं टोकरून बघा, पापुद्रे निघून नख आत गेलं तर तिचं खरंच संपलं.

सायकल देताना तुमच्या सहीची एक चिठ्ठी लागेल आणि तिच्यावर फ्रेमचा नंबर. तो बहुतेक वेळा सीटखालच्या नळीवर किंवा पायडलांच्या मधल्या भागाखाली ठोकलेला असतो. चोरीची सायकल आमच्या खोलीतून बाहेर पडली आणि कुणा बाईला रस्त्यात पोलिसांनी अडवलं, तर हे सगळं काम एका दिवसात बसेल. म्हणून चिठ्ठीशिवाय घेत नाही, अगदी ओळखीच्याकडूनही नाही.

उद्यमनगरातल्या मालकांनो, तुमच्याकडून पैसे नकोत. तुटलेल्या फ्रेमला पितळी ब्रेझिंग करून देणारा हात हवा, कॅरिअरला जाड पट्टी हवी, झिजलेल्या बुशाच्या जागी लेथवर नवा काढून द्यायला शनिवारचा अर्धा तास हवा. डिझेल इंजिनापासून पंपापर्यंत सगळं कास्टिंग करून देशभर पाठवणाऱ्या गावात सायकलीच्या बुशासाठी आम्ही दुकानं पालथी घालतो, हे काही बरं दिसत नाही.

बायकांना शिकवायला बायका हव्यात, आणि ही आमची सगळ्यात मोठी गरज आहे. सायकल हवी असलेल्यांपैकी कितीतरी जणींनी आयुष्यात पायडल मारलेलं नाही. रविवारी पहाटे गांधी मैदानावर मंडळाची पोरं मागून सीट धरतात, पण पोरांसमोर पडायला बायका लाजतात. पुरुष धरणार म्हटलं की निम्म्या येतच नाहीत. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण बायकांना सायकल शिकवली गेली, ती मोठ्या प्रमाणावर बायकांनीच. इथेही तेच लागेल. ज्या काकू, वहिनी, कॉलेजच्या मुली सायकल चालवतात त्यांनी रविवारी सहा ते आठ यावं. पंजाबी ड्रेस आणि बूट घालून या, पळावं लागतं. शिकवायचा क्रम मिस्त्रींनी ठरवून दिला आहे: आधी पायडल काढून, सीट खाली करून, नुसते पाय जमिनीवर टेकवत तोल सांभाळायचा. तो जमला की मग पायडल लावायचे.

रात्रपाळीवाल्यांच्या सायकलींना मागे लाल रिफ्लेक्टर, मडगार्डला चमकती पट्टी आणि पुढे दिवा लावल्याशिवाय आम्ही सोडत नाही. शिरोली एमआयडीसीला महामार्गावरून जाणाऱ्याला सायकल देताना आम्ही दोनदा विचार करतो. त्या वाहनांच्या गर्दीत सायकलला जागाच नाही, आणि तिथे आमच्या पट्टीनं कोणी वाचेल अशी खात्री देता येत नाही. ज्यांची चारचाकी आहे त्यांनी निदान कावळा नाक्याच्या पुढे सायकलवाल्याला हॉर्न मारून खाली ढकलू नये, एवढी देणगीही आम्ही जमेत धरू.

सायकली आणायला दर रविवारी मंडळाचा टेम्पो फिरतो. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, राजारामपुरी, नागाळा पार्क इथल्या सोसायट्यांनी चार-पाच सायकली एकत्र काढून ठेवल्या तर एका फेरीत काम होईल आणि डिझेल वाचेल. हवा गेलेली असली तरी चालेल, कुलपाची किल्ली हरवली असेल तरी चालेल. कुलूप आम्ही कापतो, पण सायकल तुमचीच आहे हे चिठ्ठीवर लिहून द्या. पैसे, सायकल किंवा वेळ, काहीही द्यायचं असेल तर संध्याकाळी सात ते नऊ मंडळाच्या खोलीत या, किंवा पेठेत मंडळाच्या कुठल्याही कार्यकर्त्याला सांगा.

जूनच्या मध्यात शाळा सुरू होतात आणि त्याच सुमाराला पाऊसही लागतो. मंडळाच्या खोलीचा पत्रा गळतो, त्यामुळे ३१ मे नंतर आलेली सायकल दिवाळीपर्यंत उघडली जाणार नाही. जिन्याखाली आजच बघून घ्या.