धातू आणि खडे हाती घेण्याआधी

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा अंगठीचा आराखडा बघितला. गोलाई सुरेख साधली आहेस, खडा धरणाऱ्या नख्याही नाजूक आल्यात. पण खाली जे लिहिलंस, "एकदा डिझाइन जमलं की मटेरियल कुठलं का असेना", ते मला अजिबात पटलं नाही. कागदावरची रेघ सोन्यात आणि पितळेत सारखीच दिसते. हातोडीखाली, ज्योतीखाली आणि अंगावर मात्र प्रत्येक धातू वेगळा वागतो. त्याचा स्वभाव कळल्यावरच आराखडा काढायला बसावं. इतकी वर्षं मी हेच काम करतेय आणि तू आत्ता कुठे शिकायला लागली आहेस, म्हणून सविस्तर लिहिते.

शुद्ध सोनं इतकं मऊ असतं की एक ग्रॅम ठोकत गेलं तर त्याचा जवळपास एक चौरस मीटर वर्ख होतो. तू काढलेल्या नख्या त्यात केल्या तर बोटाच्या दाबानं वाकतील आणि खडा निसटेल. म्हणून सोन्यात हीण, म्हणजे दुसरा धातू, घालावं लागतं, आणि त्यात फसवणूक नाही. फसवणूक असते ती प्रमाण लपवण्यात. चांदीचा अणू जवळजवळ सोन्याच्या अणूएवढाच असतो, त्यामुळे नुसती चांदी मिसळून सोनं फारसं कडक होत नाही. तांब्याचा अणू लहान. तो मध्ये बसला की अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत आणि धातू कणखर होतो. 22 कॅरेटमध्ये हजार भागांत साधारण 916 भाग सोनं, 18 मध्ये 750, 14 मध्ये 585. दागिन्याच्या आतल्या बाजूला ठोकलेले बारीक आकडे तेच सांगत असतात. तांबं वाढवलं की रंग गुलाबीकडे झुकतो, चांदी वाढवली की हिरवट छटा येते. पांढऱ्या सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल असतं आणि बहुतेक वेळा वरून ऱ्होडियमचा पातळ थर चढवलेला असतो. तो झिजला की आतली पिवळसर झाक दिसायला लागते, आणि घालणारीला वाटतं आपल्याला खोटं सोनं दिलं. हे तिला विकतानाच सांगावं.

पहिलं काम तू चांदीत करणार आहेस, ते उत्तम. नेहमीच्या दागिन्यांच्या चांदीत 92.5 टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं असतं. हातोडी चालवशील तसतशी ती कडक होत जाईल. त्या वेळी जोर लावू नकोस, चिरेल. थांबून ती पुन्हा तावायची, मंद लाली येईपर्यंत. जागा जरा अंधारी असावी, नाहीतर ती लाली दिसत नाही आणि पत्रा बघता बघता वितळतो. चांदी 962 अंशांना वितळते, सोनं 1064 ला, तांबं 1085 ला. दुसरं म्हणजे सगळ्या धातूंत चांदीतून उष्णता सर्वांत वेगानं पसरते. सांध्यावरच ज्योत धरून बसलीस तर सगळी उष्णता पळून जाईल आणि जोड लागणार नाही. आधी सगळा दागिना तापव, मग सांध्याकडे ये. त्याआधी टाकणखाराचा, म्हणजे बोरॅक्सचा, लेप लावायला विसरू नकोस. तो नसेल तर ऑक्सिजन आत शिरून तांब्याला गाठतो आणि पृष्ठभागाखाली करडे-जांभळे डाग बसतात. ते वरवरच्या पॉलिशनं जात नाहीत, कानशीनं घासून काढावे लागतात.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. काळी पडली की लोक पावडर घेऊन घासत सुटतात आणि दर वेळी थोडी थोडी चांदीच घासून टाकतात. त्यापेक्षा भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल ठेवायची, गरम पाणी आणि खायचा सोडा घालायचा, दागिना फॉइलला टेकवून ठेवायचा. गंधक अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. हे फक्त साध्या चांदीसाठी. मोती किंवा खडे बसवलेले असतील तर नाही, आणि नक्षीत मुद्दाम काळेपणा ठेवला असेल तर मुळीच नाही.

प्लॅटिनमच्या वाटेला सध्या जाऊ नकोस. ते 1768 अंशांना वितळतं, त्याला वेगळी ज्योत आणि वेगळी मूस लागते. शिवाय ते इतकं जड असतं की तीच अंगठी चांदीच्या जवळजवळ दुप्पट भरते.

आता अंगाला काय लागतं ते बघ. माझ्या मते सौंदर्याआधीचा प्रश्न हाच. निकेलमुळे कित्येकांच्या त्वचेवर पुरळ येतं, खाज सुटते, आणि एकदा ती अॅलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते. नुकत्याच टोचलेल्या कानात तर ते थेट जखमेला लागतं. म्हणून युरोपात निकेलवर मर्यादा आहे. टोचलेल्या जागी जाणाऱ्या भागातून दर चौरस सेंटीमीटरमागे आठवड्याला 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, त्वचेला लागणाऱ्या इतर भागांसाठी ही मर्यादा 0.5 आहे. कानातल्याची दांडी टायटॅनियमची किंवा नायोबियमची कर. या दोन्ही धातूंना विजेच्या साहाय्यानं निळे, जांभळे, सोनेरी रंग आणता येतात आणि त्यात रंगाचा थेंबही नसतो. वरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी बदलते तसा रंग बदलतो. तुला ते फार आवडेल. पितळेनं आणि तांब्यानं घामात त्वचा हिरवी होते. ती धुतली की जाते, त्याची भीती नको.

मुलाम्याचं काम हलकं मी मानत नाही, पण थर किती मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या किती हजारांशांचा, हे लिहून द्यावं. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. मुलामा पुष्कळदा एक मायक्रॉनसुद्धा नसतो. लोलकावर तो वर्षानुवर्षं टिकेल. अंगठी दिवसभर कशा ना कशावर घासते, तिथे लवकर जाईल.

तुझ्या अंगठीत ओपल आहे. सुंदर आहे, पण रोजच्या अंगठीत नको. फ्रीडरिश मोज यांनी 1812 मध्ये खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी श्रेणी लावली. तीत गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, क्रमांक 7. आणि रोजच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतातच. त्यामुळे 7 पेक्षा मऊ खडा नुसता धूळ पुसूनही हळूहळू चरे पडून मंद होतो. ओपल 5.5 ते 6.5 मध्ये बसतो. त्यात पाणी असतं, अनेकदा वजनाच्या 6 ते 10 टक्के. एकदम तापला किंवा कोरडा पडला तर तडकू शकतो. म्हणून जोडकाम आधी संपवायचं आणि ओपल अगदी शेवटी बसवायचा. तो लोलकात घे, तिथे कशावर आपटणार नाही. आणि बाजूनं भिंगातून बघ. सरळ रेघ दिसली तर पातळ ओपल खाली दुसरं काही चिकटवून जाड केलेला असू शकतो. असा खडा पाण्यात ठेवायचा नाही.

अंगठीला निळाच रंग हवा असेल तर नीलम घे. नीलम आणि माणिक दोन्ही अॅल्युमिनियमचं ऑक्साइड, कठीणपणा 9. क्रोमियमचा अंश मिसळला की लाल, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की निळं. पण कठीण म्हणजे न फुटणारं असं समजू नकोस. हिरा 10 वर आहे, तरी ठरावीक दिशेनं घाव बसला तर दुभंगतो. जेड त्याच्यापेक्षा कितीतरी मऊ, पण त्याचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की फोडता फुटत नाही. पाचूत भेगा असतात आणि त्या बहुधा तेलानं भरलेल्या असतात, म्हणून त्याला अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींच्या कंपनानं होणारी, सफाई वर्ज्य.

प्रयोगशाळेतल्या खड्यांबद्दल तू जरा तुच्छतेनं लिहिलं आहेस. तसं करू नकोस. ओग्यूस्त व्हर्न्यूय यांनी ज्योतीत माणिक वाढवण्याची पद्धत 1902 मध्ये जाहीर केली, आणि कृत्रिम हिरा 1954 मध्ये झाला. रसायनानं आणि कठीणपणानं ते खरे माणिक आणि खरे हिरेच आहेत, फक्त खाणीतले नाहीत. झिरकोनियाची गोष्ट वेगळी, तो हिराच नव्हे. त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा तो दीडपटीहून जड भरतो. सुटे खडे असे घनतेवरून ओळखायची युक्ती फार जुनी आहे. अल्-बिरुनींनी अकराव्या शतकात पाण्याच्या मदतीनं रत्नांची घनता मोजून ठेवली होती.

मोती आणि पोवळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल, अत्तर, घाम, काहीच त्यांना सोसत नाही. मोत्याच्या माळेत प्रत्येक मोत्यानंतर गाठ मार. दोरा तुटला तर एकच मोती पडेल, आणि एरवी ते एकमेकांवर घासणार नाहीत. हस्तिदंत कुणी देऊ केलं तरी हात लावू नकोस. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1989 मध्ये ठरलेल्या बंदीखाली आहे, आणि कुठलाही दागिना हत्तीच्या जिवाएवढा मोलाचा नाही.

प्रत्येक दागिन्याबरोबर एक चिठ्ठी दे. धातू कोणता, किती भाग, मुलामा किती जाड, खडा खाणीतला की वाढवलेला, त्याला तेल लावलंय का किंवा तो तापवलाय का. घालणाऱ्याला त्याची निगा त्यावरूनच राखता येते.

आणि एक तातडीचं. तुमच्या कार्यशाळेत सांधे जोडायला जो मिश्रधातू वापरतात, त्यात कॅडमियम आहे का ते आधी विचार. त्याचा धूर फुप्फुसं कायमची खराब करतो, आणि श्वासात जाताना धड जाणवतही नाही. डब्यावर काय लिहिलंय ते वाच, लिहिलेलं नसेल तर तो डबा वापरू नकोस. उत्तर मला कळव, तोवर ज्योत पेटवू नकोस.

तुझी,
आई