हजेरी मास्तरची कबुली

संपादक महोदय,

सहायक फौजदार म्हणून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. ३३ वर्षांच्या नोकरीत सात वर्षं मी हजेरी मास्तर होतो. कोणाला नाकाबंदी, कोणाला लॉकअप गार्ड, कोण समन्स घेऊन तालुक्याला जाणार, हे रजिस्टरला मांडायचं काम माझ्याकडे. बाहेरच्या लोकांना हे पद ठाऊक नसतं. पोलीस लाईनीतल्या कोणत्याही बाईला विचारा, तिला साहेबांपेक्षा हजेरी मास्तरचा राग जास्त असतो.

एका आषाढीची गोष्ट. पंढरपूरचा बंदोबस्त आटोपून एक पोरगा दुपारी ठाण्यात परतला. पायात फोड, आवाज बसलेला. दोघं आजारी रजेवर होते म्हणून त्याच रात्री मी त्याला लॉकअप गार्डला टाकला. पहाटे तीनला ठाण्याचे प्रमुख पीआय साहेब राऊंडवरून आले तेव्हा तो रायफल मांडीवर घेऊन झोपलेला. आत दोन आरोपी. सकाळी मी त्याचा कसुरी अहवाल, म्हणजे कामात कसूर केल्याची वरती कळवायची तक्रार, तयार करून टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "मास्तर, हजेरी आणा." एकेका तारखेवर बोट ठेवत ते मागे गेले. "हा घरी कधी गेला?" मला सांगता येईना. मग म्हणाले, "ही ड्युटी कोणी लावली आणि खाली सही कोणाची, हेपण अहवालात लिहा." सही त्यांचीच होती. अहवाल वर तसाच गेला.

दोन महिन्यांनी त्याच पोरानं मोबाईल चोरीच्या संशयिताला पट्ट्यानं मारलं. आम्हाला वाटलं, साहेब मऊ आहेत, निभावून नेतील. साहेबांनी त्या संशयिताला स्वतः सरकारी दवाखान्यात नेलं, स्टेशन डायरीला, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद घ्यायला लावली आणि रात्रीच एसपी साहेबांना फोन केला. पोरगा निलंबित झाला. मी न राहवून बोललो, "झोपला तेव्हा सांभाळून घेतलंत की साहेब." ते म्हणाले, "तेव्हा चूक आपली होती. आज त्याची आहे."

उलटा हिशेब असलेले साहेबही मी पाहिले. मुलाच्या बारशाला रजा नाही, पण कोठडीत हात उचलला तर 'डायरीला घेऊ नका' असं तोंडी सांगणं. तोंडीच, कारण लेखी कोण देणार? अशा नोंदी मी गिळल्या आहेत. आज पेन्शन सुरक्षित असताना हे लिहिणं सोपं आहे, हेही कळतं.

आठ तासांची ड्युटी जमत नाही, माणसं कुठायत, असं मी वर्षानुवर्षं ऐकलं. २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यातल्या एका शिपायानंच तिचा आराखडा मांडला आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला, तेव्हा ती जमली. २०२२ मध्ये महिला अंमलदारांसाठी राज्यभर आठ तासांचा आदेश निघाला. आमच्या ग्रामीण भागात मात्र सण, सभा किंवा मंत्र्यांचा दौरा आला की पहिला बळी याच आदेशाचा जातो.

दुसऱ्या बाजूचे, पोलिसांच्या उचललेल्या हाताला आवर घालणारे आदेशही कमी नाहीत. पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं. आपल्याकडे त्यासाठी पोलीस कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच डिसेंबर २०२० च्या निकालानं लॉकअपसह ठाण्याचा कोपरान्‌कोपरा सीसीटीव्हीत यावा आणि चित्रण १८ महिने जपावं असं बजावलं. तक्रार प्राधिकरणाचा पत्ता ठाण्याच्या दर्शनी फलकावर आहे का, एवढं तर वाचकांनी आपापल्या ठाण्यात जाऊन विचारावं. विचारणाऱ्याला कोण कसं उत्तर देतं, त्यावरून तिथल्या साहेबाचा अंदाज येईल.

माझं मागणं त्याहून लहान आहे. मी लिहायचो त्या रजिस्टरात शिपाई ड्युटीवर आल्याची वेळ असायची, सुटल्याची वेळ लिहायला रकानाच नव्हता. तो आखावा, आणि त्याखाली रोज ठाणे प्रभारींनी सही करावी. मास्तरची नको.

– एक निवृत्त सहायक फौजदार, सोलापूर जिल्हा
(नाव छापू नये, ही विनंती.)