अंदाजे 300 मिली: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,
स.न.वि.वि.

वैद्यकीय संशोधनाची बातमी म्हटलं की तिच्यात एखादं महागडं यंत्र असतं, नाहीतर जनुकांवरचं औषध. आरोग्य खात्याच्या निवेदनांतही तेच झळकतं आणि त्यात गैर काही नाही. फीत कापायला काहीतरी लागतंच. मी ज्या संशोधनाबद्दल लिहिते आहे त्यात फीत कापण्याजोगं काही नाही. प्लास्टिकची एक चादर, तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पारदर्शक पिशवी आणि पिशवीवर छापलेल्या मिलिलिटरच्या रेघा. माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर अलीकडे झालेलं सगळ्यात उपयोगाचं काम त्या रेघांभोवती झालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, म्हणजे आमच्या बोलण्यातला पीपीएच, जगात दरवर्षी सुमारे 1 कोटी 40 लाख बायकांना होतो आणि त्यातल्या सुमारे 70 हजार दगावतात. वार पडल्यावर गर्भपिशवी घट्ट आवळली पाहिजे. ती सैल राहिली, तर वार जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात. दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त जात असतं, हे लक्षात घेतलं की इथे हिशेब मिनिटांचा का, ते कळतं.

500 मिलीच्या वर रक्त गेलं की पीपीएच म्हणायचं, असं पुस्तक सांगतं. पण मोजतं कोण? टेबलाखाली बादली असते. तिच्यात गर्भजल, रक्त, लघवी सगळं एकत्र. काही रक्त चादरीत मुरलेलं, काही गॉजच्या बोळ्यांत, गुठळ्या ट्रेमध्ये. एक सिस्टर बाळाकडे, दुसरी टाक्यांसाठी लाइट धरून उभी. सगळं आवरल्यावर केसपेपरवर लिहिलं जातं, 'रक्तस्राव अंदाजे 300 मिली'. हा आकडा फार क्वचित बदलतो. 500 लिहिलं की चौकशी लागते, हेही त्यामागचं एक कारण आहे. ते कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. तोवर बाळंतीण बोलत असते, पाणी मागते, नाडी जरा वाढलेली असते. तरुण बाईचं शरीर रक्तदाब बराच वेळ सांभाळून धरतं आणि मग एकदम सोडून देतं.

नजरेचा अंदाज किती चुकतो, हे 2006 साली बेळगावच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं. रेघांची चादर त्यांनीच वापरात आणली होती. चादरीत मोजलेल्या रक्ताच्या तुलनेत डोळ्यांचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला.

आता इथे एक धोका आहे. हे वाचून आपल्या खात्यातलं कुणीतरी उत्साहाने चादरींचं टेंडर काढेल, पुरवठा झाल्याचा अहवाल देईल आणि विषय संपवेल. तसं करू नये, कारण त्याचाही निकाल लागून चुकला आहे. युरोपातल्या 13 देशांत 25 हजारांहून जास्त प्रसूतींमध्ये हा प्रयोग झाला. काही प्रसूतिगृहांत मोजायची पिशवी दिली, काहींत नेहमीसारखा अंदाज चालू ठेवला. 2010 मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा गंभीर रक्तस्रावाच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक नव्हता. आकडा कळला, पण कळल्यावर कुणी काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.

ते ठरवण्याचं काम ई-मोटिव्ह या चाचणीने केलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतली 80 रुग्णालयं आणि 2 लाख 10 हजारांहून अधिक योनिमार्गे प्रसूती. 2023 च्या मे महिन्यात निकाल प्रसिद्ध झाला. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चादर दोन्ही गटांत होती. तुलनेच्या गटात ती बिनरेघांची, रक्त नंतर वजन करून मोजलेलं. दुसऱ्या गटात रेघा दिसत होत्या आणि रेघ ओलांडली की काय करायचं ते पाठ होतं. पोटावरून गर्भपिशवी चोळायची, ती आवळणारं ऑक्सिटोसिनसारखं औषध द्यायचं, रक्ताची गुठळी टिकवून धरणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड शिरेतून द्यायचं, सलाईन लावायचं, आणि रक्त कुठून येतंय ते तपासून गरज पडली तर वरिष्ठांना बोलवायचं. एका उपायाचा परिणाम बघत थांबायचं नाही, सगळं लागोपाठ. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'आधी ऑक्सिटोसिन देऊन बघू, थांबेल' असं चालत आलं आहे, आणि त्या 'बघू'मध्येच अर्धा लिटर जातं.

नेहमीच्या गटात पीपीएच झालेल्या बायकांपैकी 51 टक्क्यांचाच पीपीएच वेळेत ओळखला गेला. दुसऱ्या गटात 93 टक्क्यांचा. पूर्ण उपचार मिळण्याचं प्रमाण 19 टक्क्यांवरून 91 टक्क्यांवर गेलं. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू होणं, या तिन्ही गोष्टी मिळून 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आल्या. तेच कर्मचारी, तीच गर्दी. या चाचणीत मृत्यू ठामपणे घटल्याचं सिद्ध झालेलं नाही आणि सिझेरियन तिच्यात नव्हते, हेही सांगायला हवं. नाहीतर उद्या विधिमंडळात कुणी आकडे फुगवून सांगेल.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडबद्दल मात्र वेगळं बोलायचं आहे, कारण माझा राग तिथे आहे. हे औषध 1960 च्या दशकात जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने शोधलं. उताकोबाईंना बाळंतिणींचा रक्तस्रावच थांबवायचा होता, पण तशी चाचणी घ्यायला त्यांना तेव्हा डॉक्टर तयार झाले नाहीत. अखेर 21 देशांतल्या 20 हजार बायकांवर ती चाचणी झाली आणि 2017 मध्ये निकाल आला: तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. बाई 2016 मध्येच गेल्या होत्या. पुढच्या विश्लेषणात असंही दिसलं की दर 15 मिनिटांच्या उशिराने औषधाचा फायदा सुमारे 10 टक्क्यांनी घटतो. आणि आपलं ॲम्प्यूल असतं कुठे? कुलूपबंद कपाटात. ते द्यायला डॉक्टरची सही लागते आणि डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये असतात.

म्हणून माझी पहिली मागणी खरेदीची नाही, अधिकाराची आहे. रक्त रेघेला लागलं की लेबर रूममधल्या सिस्टरने लेखी ऑर्डरची वाट न बघता उपचार सुरू करायचे, असा स्थायी आदेश काढावा. औषधं एका ट्रेमध्ये, टेबलापासून हाताच्या अंतरावर. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांतच ठेवावं लागतं. जिथे फ्रीज भरवशाचा नाही तिथे प्रसूती होताच प्रतिबंधासाठी द्यायला उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन हा पर्याय आहे, त्याची मोठी चाचणी 2018 मध्येच झाली. त्यानंतर चादरी, आणि त्यांच्याबरोबर प्रशिक्षण. तेही हॉलमध्ये स्लाइड दाखवून नाही, तर लेबर रूममध्ये, रात्रपाळीलासुद्धा. ऑक्टोबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तर 500 मिलीचीही वाट पाहू नका असं सांगितलं आहे: 300 मिली गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल, तर उपचार सुरू करा. म्हणजे आमच्या केसपेपरवरचा तो नेहमीचा 'अंदाजे 300' आता थेट कामाला लागण्याचा आकडा झाला आहे.

शेवटची विनंती जरा राजकीय आहे. खरं मोजायला लागल्यावर पहिल्या वर्षी कागदावरचे पीपीएच वाढलेले दिसतील. विरोधक विचारतील, वर्तमानपत्रं मथळे देतील, आणि आपले अधिकारी रुग्णालयांना नोटिसा काढतील. तसं झालं तर महिन्याभरात सगळे आकडे पुन्हा 300 वर येतील. वाढलेल्या नोंदींबद्दल कुणावरही कारवाई होणार नाही, असं आपण आधीच जाहीर करावं. मासिक अहवालात 'पीपीएच किती' या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने टाकावेत: रक्त किती मिली मोजलं, आणि रेघ ओलांडल्यापासून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देईपर्यंत किती मिनिटं गेली. नमुना सोबत जोडला आहे.

आपली,
लेबर रूममधून निवृत्त झालेली एक सिस्टर