जॅमच्या कुकीज शिकवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला येऊन गेलेली माणसं अजूनही फोन करून विचारतायत, त्या जॅमच्या कुकीज कुठून मागवल्या होत्या म्हणून. मी प्रत्येकाला तुमचं नाव सांगते. त्या दिवशीच्या गडबडीत तुमच्याशी धड दोन शब्द बोलता आले नाहीत, म्हणून हे पत्र. मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते असाच काही प्रसंग तोंडावर आलेल्या कुणाच्याही कामी येईल.

मी तुमच्याकडे आले होते ती ऑर्डर द्यायला. तुम्ही इतकी वर्षं लोकांना बेकिंग करून देताय, तेव्हा दुसरं काही डोक्यातच नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आईसाठी ना? मग तूच कर. मी शेजारी उभी राहते." आणि तुम्ही खरोखरच उभ्या राहिलात, दोन्ही हात पाठीमागे बांधून. माझ्या हातातलं भांडं एकदाही घेतलं नाहीत. ज्या हातांना पीठ बघितल्याबरोबर कळतं, ते असे मागे धरून ठेवणं किती अवघड गेलं असेल, हे मला आता घरच्या मुलांना शिकवताना समजतंय.

प्रमाण तर तुम्ही एका दमात सांगितलंत: एक भाग पिठीसाखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, सगळं वजनावर. म्हणजे 100, 200 आणि 300 ग्रॅम. त्या 300 तला 30 ग्रॅम मैदा काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घालायचं, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला. 15 ग्रॅमचा एक गोळा धरला की चाळीस कुकीज. एवढं तर कुणीही लिहून दिलं असतं. तुम्ही मात्र प्रत्येक पायरीला "का" ते सांगितलंत.

बटर मऊ हवं, पण पातळ नको. बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे आणि तरी बटरवर तेलकट चकाकी यायला नको. साधारण 18 ते 20 अंशांना ते तसं असतं. त्या अवस्थेत साखरेबरोबर फेटलं तरच त्यात हवा धरली जाते. वितळलेलं बटर हवा धरत नाही आणि ट्रेवर कुकी पसरते. मैदा घातल्यावर तुम्ही म्हणालात, "मोहन कशासाठी घालतो आपण? तेच आहे हे." मैद्याच्या कणांवर बटर चढलं की पाण्याशी त्यांची गाठ कमी पडते, चिवटपणा येत नाही, म्हणून तर खुसखुशीत होतं. मग मळलं की सगळं मुसळ केरात. मळायचं नाही, फक्त गोळा करायचा. करंज्या-शंकरपाळ्यांच्या वेळी मोहनाचं हे गणित मी लहानपणापासून ऐकत आले होते; बटर कुकीजना तेच लागू आहे हे तुमच्यामुळे कळलं, आणि त्या क्षणी ओव्हनची भीती अर्धी गेली.

जॅम भरायची मधली खळी कधी पाडायची हेही मी तुमच्याकडूनच शिकले. बहुतेक कृतींमध्ये पीठ आधी फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात, आणि मग गार, घट्ट गोळा दाबला की कडेला चिरा जातात. तुम्ही उलट करायला लावलंत: पीठ मऊ असतानाच गोळे वळायचे, गोल पाठीच्या लहान चमच्याने मध्ये हलकेच दाबायचं, कडेला बारीकशी भेग दिसली तर तिथेच बोटाने सांधायची, आणि मग अख्खा ट्रे तासभर फ्रीजमध्ये. गार झालेलं बटर ओव्हनमध्ये हळू वितळतं, तोवर कडा भाजून उभ्या राहतात.

आणि जॅम! तुमची खरी माया जॅमवर आहे, काकू. बाटलीतला जॅम तसाच भरू दिला नाहीत. जॅम नीट घट्ट धरतो तो 105 अंशांच्या आसपास, तेव्हा त्यात साधारण 65 टक्के साखर असते. त्याहून पातळ राहिला तर आतलं पाणी ओव्हनमध्ये उकळतं आणि जॅम कडेवरून ओघळून ट्रेला चिकटतो. म्हणून पातेलीत काढून, लिंबाचे थेंब घालून, मंद आचेवर आटवायचा. फ्रीजमधल्या गार बशीवर एक थेंब टाकायचा, क्षणभर थांबायचं, बोटाने सरकवायचा. वर सुरकुती पडली की झाला. ती पहिली सुरकुती दिसली तेव्हा तुम्हीच माझ्याहून जास्त खूश झाला होतात.

भरायचाही दोनदा. कुकीज 170 अंशांवर सात-आठ मिनिटं भाजल्या की बाहेर काढायच्या, फुगून वर आलेली खळी चमच्याने पुन्हा दाबायची, पाऊण भागच जॅम भरायचा आणि परत आत पाच-सहा मिनिटं. कड सोनेरी झाली की बास. तेव्हा त्या मऊच लागतात. ट्रेवरच पाच मिनिटं राहू दिल्या की घट्ट होतात आणि मग जाळीवर काढता येतात. उरलेला चमकदार जॅम गार होताना वरून एकेक थेंब. पिठीसाखर भुरभुरायची तर हा वरचा थेंब घालण्याआधी कडांवर, कारण ओल्या जॅमवर ती विरघळून नाहीशी होते.

माझा आधी हट्ट होता खिडकीवाल्या दुहेरी कुकीजचा, म्हणजे दोन चकत्यांमध्ये जॅम आणि वरच्या चकतीला भोक, ऑस्ट्रियातल्या लिंझच्या पद्धतीच्या. (त्या शहराच्या टोर्टेची, म्हणजे जॅमच्या केकची, 1653 सालची हस्तलिखित कृती आजही आहे, हे सांगताना तुमचा चेहरा बघण्यासारखा होता.) तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त विचारलंत, "पाहुणे किती वाजता येणार?" आणि तिथून उलटं मोजत आलात. दुहेरी कुकीजच्या चकत्या हवाबंद डब्यात आठवडाभर आधी करून ठेवता येतात, पण जॅम आदल्या रात्री लावायचा, म्हणजे ओल मुरून त्या खायला मऊ होतात. खळीच्या कुकीज आदल्या दिवशी केलेल्या उत्तम. मला आदल्या रात्री सजावटही करायची होती, म्हणून खळीच्या ठरल्या. प्रसंगाचा पदार्थ घड्याळ बघून निवडावा, हे माझ्या मते कृतीइतकंच मोलाचं आहे आणि ते सांगणारी माणसं फार थोडी.

आईने पहिली कुकी उचलली, आधी कड कुरतडून खाल्ली आणि जॅम शेवटी ठेवला. बाबांनी तिच्या ताटलीतली दुसरी पळवली. नंतर आईने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तू केल्यास? खरंच तू?" काकू, तुम्ही ऑर्डर घेतली असतीत तर कुकीज याहून सुबक झाल्या असत्या, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नसता. स्वतःची हातातली कामं बाजूला ठेवून तुम्ही ती अख्खी संध्याकाळ माझ्यासाठी उभ्या होतात. आई तर तेव्हापासून उठता-बसता तुमचं नाव घेतेय.

तुमचा डबा घासून ठेवलाय. रिकामा परत द्यायचा नाही असं आईने बजावलंय, म्हणून रविवारी जर्दाळूच्या जॅमच्या कुकीज करून त्यात भरून आणते. खळ्या तपासून घ्या, आणि या वेळी हात पाठीमागे बांधू नका.

तुमची,
शेजारची लेक