एजंटच्या टूलला तीन इनपुट द्यायचे कसे?

संपादक महोदय,

एआय एजंटवर (भाषा-मॉडेलच्या जोरावर स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रामवर) सगळीकडे भरभरून लिहून येतंय, पण एजंट जे टूल, म्हणजे त्याला कामासाठी दिलेलं फंक्शन, वापरतो ते पायथॉनमध्ये लिहितात कसं हे कुणी सांगतच नाही, म्हणून हे पत्र. लँगचेन या एजंट बनवायच्या लायब्ररीचं जुनं साधं टूल एकच स्ट्रिंग (मजकुराचा एकच तुकडा) घ्यायचं. म्हणजे कर्जाचा हप्ता काढायचा तर रक्कम, व्याजदर, महिने सगळं स्वल्पविराम टाकून एकाच ओळीत कोंबायचं आणि आत स्वल्पविरामापाशी तोडायचं (स्प्लिट), आता मॉडेलने आपल्या पद्धतीने '५,००,०००,९,६०' असं पाठवलं की तिनाचे पाच तुकडे, बसा बोंबलत! २०२३ मध्ये स्ट्रक्चर्ड टूल आलं आणि ही कटकट बरीचशी मिटली. फंक्शनला तीन वेगळे पॅरामीटर द्या, टाइप हिंट लावा (कुठे आकडा, कुठे मजकूर ते सांगा), पुढचं पायडँटिक ही डेटा तपासणारी लायब्ररी तपासून घेतं.

पण डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला लिहायचं त्याचं वर्णन, नीट लिहा हो, मॉडेल तीच वाचून ठरवतं कुठे काय भरायचं. नुसतं 'दर' लिहिलंत तर ९ येईल की ०.०९ याचा नेम नाही, आणि दोन्ही फ्लोट (दशांश आकडा) म्हणून चालतात, त्यामुळे पायडँटिकही गप्प. नवशिकी पोरं नेमकी हीच ओळ गाळतात.

– एक वाचक, सांगली